नाटकापुरते केस

आमच्या घरात एक शब्द इतका वापरला गेला की वापरून वापरून तो गुळगुळीत झाला. नाटकापुरतं. माझा भाऊ इंद्रभान लांब केस ठेवी, ते नाटकापुरते. भुवया कोरी, त्या नाटकापुरत्या. चैत्रातल्या मारुतीच्या जत्रेआधी हाताला मेंदी लावी, तीही नाटकापुरती. ती मेंदी आषाढात पुन्हा दिसली की माय म्हणे, "पुढच्या नाटकाची तयारी करून राह्यला असन." जत्रा केव्हाच होऊन गेलेली असे. पण विचारणाऱ्याला काहीतरी उत्तर हवं असे आणि देणाऱ्याला सुटका हवी असे, म्हणून कोणी पुढे बोलत नसे.

मी त्याची मोठी बहीण, कोकिळा. महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे माझं लग्न होऊन मी बीबी गावाला गेले. माहेर जानेफळचं. बा माळवं करी. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, आणि हंगामात भुईमूग. बाच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्याचं नाव कडूबा ठेवलेलं. ते नाव त्याला पुरेपूर लागू पडलं. बा वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडून गोड शब्द काढायचा म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडायचा. मायचं नाव रुक्मिणीबाई. तिला विटाळाचं फार. मयतीला जाऊन आलेल्या माणसाला अंगणात अंघोळ घातल्याशिवाय ती उंबरा ओलांडू देत नसे, मग तो पाटील असो की तिचा सख्खा भाऊ.

गावाची नाटकमंडळी होती. सगळे शेतकरीच. शेषराव मास्तरांनी कधीकाळी एक नाटक रचलं आणि दर जत्रेला मंडळी तेच करत. त्यातली वेणू सासरी नांदत असते. बाप आजारी पडतो, निरोपावर निरोप पाठवतो, सासरा तिला धाडत नाही. शेवटी ती पळून माहेरी येते तर बाप खाटेवर मरून पडलेला. मग वेणूचा विलाप. नाटक इतकं रेंगाळे की हा विलाप दरवर्षी तांबडं फुटायच्या सुमाराला येई, आणि झोपलेली पोरंसोरंही तेवढ्यासाठी उठून बसत.

वेणू म्हणजे आमचा इंद्रभान. वेणूला मास्तरांनी आई दिली नव्हती. ती आधीच मेलेली दाखवली, कारण लुगडं नेसायला गावात दुसरा बाप्या तयार नव्हता. म्हणून वेणू रिकाम्या घरात एकटीच रडे. बायांच्या बाजूला पदर भिजत. पुरुषांच्या बाजूलाही नाकं ओढल्याचे आवाज येत. आणि तेच पुरुष दुसऱ्या दिवशी बाजारात वांग्याचा भाव विचारताना त्याला म्हणत, "काय वेणूबाई, नवरा कसा हाये?" रात्री टाळ्या आणि दिवसा टवाळ्या, असा आमच्या गावाचा न्याय. ह्या लोकांचा मला तेव्हाही संताप यायचा. आता वयानं संतापायचंही बळ राहिलेलं नाही, तरी थोडा येतोच.

केस त्याचे कमरेपर्यंत होते. दिवसा तो ते रुमालात बांधून डोक्यावर फेट्यासारखे गुंडाळी. मी माहेरी आले की दुपारी दार लोटून घेऊन त्याला पुढ्यात बसवायची, तेल लावायची, विंचरायची. तेवढा वेळ तो डोळे मिटून बसे. एकदा म्हणाला, "बाई, लोकाइले वाटते मी वेणूचं सोंग घेतो. मले त रुमाल बांधला की सोंग घेतल्यावानी वाटते." मी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि विंचरत राहिले. मला सगळं समजलं होतं असं नाही. पण त्याची पाठ तेवढ्यापुरती सैल पडते, हे मला हाताखाली समजत होतं.

लग्नाचं त्यानंच मोडून काढलं होतं. आमचे अर्जुनराव मामा मेहकरला धान्याची आडत चालवत. शब्द त्यांचा आणि मान खाली घालायची आम्ही, अशी रीत. त्यांनी स्थळं आणली की इंद्रभान एकच म्हणे, "मामा, कोनाच्या लेकीचं वाटोळं काऊन करू?" बा खाली बघून तंबाखू मळी. जत्रेच्या दिवशी बा जेवून घोंगडी घेई आणि रानात जागलीला निघून जाई. सगळं गाव बाच्या पोराला बघायला बसलेलं असे आणि बा वांग्यांना राखत बसे. उभ्या आयुष्यात त्यानं वेणू पाहिली नाही.

मग बाला खोकला लागला. पोळ्याला लागला तो उतरलाच नाही. मेहकरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, घरच्यांनी काढे दिले. माय थकली. मी माझ्या घरचं सोडून किती दिवस येणार? सगळं इंद्रभाननं केलं. बाला उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं, त्याच्या तोंडात पेज घालणं. बेडक्याचं भांडं तो असं उचलून नेई जसं कोणी देवाचं तीर्थ नेतं. एकदा मी गेले होते तेव्हा तो बाचे पाय कोमट पाण्यानं पुसत होता. बा त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लेकीवानी केलं रे तुनं माह्यं."

हे त्यानं कौतुकानं म्हटलं की कुरकुरीनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. इंद्रभाननं पाण्याचं घमेलं उचललं आणि बाहेर गेला. माय चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, एवढं मी पाहिलं.

दिवाळी झाली आणि बा गेला.

आमच्याकडे बाप मेला की लेक वेशीपासून रडत येते. ती रडताना बापाशी बोलते, त्याला जाब विचारते, त्याचं सगळं आठवून आठवून सांगते. तिचा आवाज आला की दारातल्या बाया उठतात. आई असली तर आई, नाहीतर काकी, आत्या, शेजारीण. पुढे होऊन तिच्या गळ्यात पडतात आणि बरोबर रडतात. लेकीला एकटीनं रडू देत नाहीत. ती एकटी रडली तर तिचं माहेर संपलं असं धरतात. मी बीबीहून आले तेव्हा माय उठली, माझ्या गळ्यात पडली, आम्ही दोघी ओसरीवरच कोसळलो.

तिथून मला इंद्रभान दिसला. तो अंगणात पुरुषांच्या बाजूला बांबूला दोर बांधत उभा होता. ज्यानं बाचं सगळं केलं, त्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं. एकदा त्याचा ओठ हलला तर अर्जुनरावमामा म्हणाले, "मरदानं असं करू नाई. तुले मडकं धराचं हाये." त्यानं मडकं धरलं. त्याच्या गळ्यात कोणीच पडलं नाही, कारण ते कोणाचं कामच नव्हतं.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. कावळा पिंडाला लगेच शिवला. बाची इच्छा राहिली असेल म्हणून हात जोडून बसलेली मंडळी जरा हिरमुसलीच. आता क्षौर राहिलं. न्हावी वस्तरा परजून बसला होता. पोराचं डोकं भादरल्याशिवाय सुतक फिटत नाही.

"काढ तो रुमाल," मामा म्हणाले.

इंद्रभान उभाच राहिला. रुमाल काढला की केस जाणार. केस गेले की वेणू जाणार. आणि वेणू गेली की ते नाटकापुरतं म्हणायचं निमित्तही जाणार, मग त्यानं कोणत्या आडोशाला जगायचं? हे मला दिसत होतं म्हणून मी मध्ये पडले. म्हटलं, "मामा, दाढी करा, नखं काढा, चार केस कापा. नाटकाचे केस हायेत ते."

"नाटक दरसालच हाये. बाप येकडाव मरते," मामा म्हणाले. "आन् तू बाईमानूस. बाजूले हो."

"बाईमानूस हावो म्हनून तं डोक्यावर केस हायेत माह्या! बाप माह्या बी मेला, मंग माह्यं काऊन नाई भादरत?" मी ओरडले. नदीवरचे सगळे बाप्ये माझ्याकडे बघायला लागले. माझा नवराही त्यांत होता. त्याची मान खाली गेली. मला त्याची पर्वा नव्हती.

इंद्रभाननं माझा हात धरला. "बाई, भांडू नोको," तो म्हणाला. "बाले देन्यासारखं माह्यापाशी दुसरं काय हाये? रान त्याचं, बैल त्याचे. सोताचं असं येवढंच हाये." आणि त्यानं आपल्या हातानं रुमाल सोडला.

केसांची वेणी खाली आली तेव्हा न्हावीसुद्धा क्षणभर थांबला. मग त्यानं आधी वेणीच कातरीनं कापली आणि नदीत टाकली. बाकी डोकं वस्तऱ्यानं साफ केलं. कोणीतरी मागून म्हणालं, "चला, आता मानसात आला." मी वळून पाहिलं, पण बोलणाऱ्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

दहाव्याला घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायला बाया नदीवर येतात. माय खालच्या अंगाला एका खडकावर बाची गोधडी आपटत होती. वेणी वाहत वाहत तिच्या पुढून गेली आणि लव्हाळ्यात अडकली. मी काठानं तिकडेच येत होते. मायनं इकडे-तिकडे पाहिलं, गोधडी खडकावर ठेवली आणि गुडघाभर पाण्यात शिरली. मयताचे केस! मयताच्या नावानं उतरलेल्या केसांची नुसती सावली पडली तरी जी माय डोक्यावरून पाणी घेई, तिनं ती वेणी लव्हाळ्यातून सोडवली, पिळली, आणि पदरात घेऊन कमरेला खोचली. माझी नजर भेटली तशी म्हणाली, "तोंडातून शबूद काढू नोको." मी नाही काढला.

तेराव्याला मामांनी त्याच्या तुळतुळीत डोक्यावर पागोटं बांधलं आणि चार लोकांसमक्ष सांगितलं की आता घर याचं. घर म्हटलं की घरवाली आलीच. बाप मेला की लग्न वर्षाच्या आत करायचं नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज मामांच्या पथ्यावर पडला. मेहकरकडची एक मुलगी त्यांनी हेरून ठेवली होती. वैशाखात उडवून देऊ म्हणाले. मला वाटलं इंद्रभान नेहमीचं वाक्य बोलेल. तो बोलला नाही. कशालाच बोलला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यानं आधी निदान हात तरी हलवायला हवेत. त्यानं तेही सोडलं होतं.

हिवाळाभर तो रानात जाई, येई, भाकरीचा तुकडा मोडून ताट सारी. बाजारात आता त्याला कोणी वेणूबाई म्हणत नव्हतं, इंद्रभानराव म्हणत. मी गेले की दुपारी दार लोटून तो सवयीनं माझ्यापुढे येऊन बसे. डोक्यावर खुंट वाढलेले. मी त्यांनाच तेल लावी. आमच्या दोघांच्याही अंगातला जीव गेल्यासारखा झाला होता. दुःखालाही दम लागतो, आणि तो संपतो.

जत्रा आली तेव्हा वेणूचं काम करायला कोणी मिळेना. मास्तर दोनदा येऊन गेले. मेहकरहून विग आणतो म्हणाले. तो नको म्हणाला. शेवटी म्हणाला, "डोक्यावर पदर घेऊन करतो मास्तर. हे शेवटचं. पुढच्या सालापासून मले बलावू नोका." मामांनीही हरकत घेतली नाही. लग्न ठरलेलं, एकदा हौस फिटू द्या म्हणाले. आणि चक्क स्वतः जत्रेला येऊन पुढे सतरंजीवर बसले.

मी जत्रेला आलेच होते. संध्याकाळी माय म्हणाली, "चाल माह्यासंगं." तिच्या हातात एक गाठोडं होतं. बाहेर नूरजहांभाभी उभी होती. तिचा नवरा रहेमतुल्ला मन्यार, आमच्या गल्लीत बांगड्या भरायला तोच यायचा. तिच्या घरी बायांच्या विंचरलेल्या केसांची गंगावनं होत, म्हणजे आखूड वेणीला जोडायचे केसांचे झुपके. भाभी मायला म्हणाली, "अच्छा बना है, बाई. मैंने किसीकू नै बोली." आणि पदर सावरून निघून गेली. तेव्हा गाठोड्यात काय आहे ते मला समजलं.

मंडळी मारुतीच्या धर्मशाळेत तोंडं रंगवत होती. बायांनी तिथं जायचं नसतं. शेषराव मास्तर दारात आडवे आले. "येनी घालाले आली," माय म्हणाली, "कोनाले पाहाले नाई." मास्तर बाजूला झाले.

इंद्रभान लुगडं नेसून कोपऱ्यात बसला होता. तोंडाला रंग लागला होता, डोकं बोडकंच. माय त्याच्या मागे बसली. मला बसवायची तसं त्याला गुडघ्यांत धरलं. बोटभर वाढलेल्या केसांना काळ्या दोऱ्यानं घट्ट गुंफत तिनं गंगावन बसवलं. शेवट हातात आला तेव्हा त्यानं बघितलं. त्याच्या केसांची टोकं उन्हानं तांबूस झालेली असत. ती आम्हां दोघांनाही पाठ होती.

"माय, हे तं..."

"हाव. तुहेच."

"माय, मयताचे केस! तू हात लावला?"

"बापाच्या नावानं उतरले," माय म्हणाली, "बापासाठी रडतानी घालाले त्याइले विटाळ कायचा?" आणि तिनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. तो वेणी पुढे घेऊन दोन्ही हातांत धरून बसला.

मी आणि माय बायांत जाऊन बसलो. माय पहिल्यांदाच नाटकाला आली होती. बा जागलीला जाई तेव्हा ती घरात दिवा लावून बसे, बाच्या शब्दाबाहेर जायला नको म्हणून. नाटक नेहमीसारखं लांबलं. गॅसबत्त्या फिक्या पडायला लागल्या, पूर्वेकडे उजेड आला, आणि मंचावरच्या खाटेवर वेणूचा बाप मरून पडला.

वेणू आली. मास्तरांनी लिहिलेलं पहिलं वाक्य ती बोलली. दुसरं नाही बोलली. खाटेजवळ खाली बसली आणि म्हणाली, "बा, वांग्यांले पानी द्याचं राह्यलं नं. कोन देईन आता?"

मास्तर पडद्याआडून वाक्य सांगायला लागले. ती ऐकेना. "येवढी जत्रा भरे आन् तू रानात जाये. मी इथं दरसाल तुह्यासाठी रडे, तू कधी आला नाई. येकडाव येऊन बसला असता तं काय झालं असतं, बा? तुह्या तोंडात पेज घातली, तुह्ये पाय पुसले, मले रडू बी नाई देल्लं यायनं. सांग नं, मी तुह्यी कोन होतो?"

खाटेवर पडलेल्या नटानं डोळे उघडले होते, आणि तो तसाच बघत राहिला. नाकं ओढल्याचा आवाजही नव्हता. ही वेणू नव्हे आणि खाटेवर कडूबाच आहे, हे साऱ्या गावाला समजलं होतं. अर्जुनरावमामा उठून उभे राहिले. "पडदा पाडा!" ते म्हणाले. "मास्तर, पडदा पाडा!" वेणू रडत होती, आणि त्या रिकाम्या घरात तिला धरायला कोणीही नव्हतं. मास्तरांनी कोणी लिहिलंच नव्हतं.

माझ्या शेजारी माय उठली. मला वाटलं तिला सहन झालं नाही, घरी निघाली. पण ती पोरांच्या अंगावरून पाय टाकत सरळ मंचाकडे गेली. पायरी नव्हती, तर गुडघा टेकून वर चढली. दारात लेक रडत आलेली असली की कोणी विचार करत नाही, पाय आपसूक उठतात, तशीच ती गेली. तिनं इंद्रभानच्या गळ्यात हात टाकले आणि गळा काढला. "लेकीवानी केलं वं तुनं त्याचं," माय म्हणत होती, "मेला तो मानूस, त्यानंच सांगतलं होतं. रड माय, रड!"

मामा सतरंजीवरून चपला शोधत निघून गेले. पोरीवाल्यांना काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी पाहावं. पडदा पाडायला कोणी उठलं नाही.

मग मीही उठले. माझी बहीण माहेरी रडत आली होती, मी बसून कशी राहणार?